मूठ गेली, पातं उरलं : अमेरिकन सैन्याच्या खंदकी सुऱ्याचं प्रकरण

हे प्रकरण एका सुऱ्याचं आहे, त्यातही मुख्यतः त्याच्या मुठीचं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने खंदकातल्या हातघाईसाठी एक शस्त्र घेतलं, वर्षभरात ते रद्द ठरवून दुसरं निवडलं, आणि पंचवीस वर्षांनी तेही टाकलं. यात निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांची आणि धाडीत पडलेल्या शिपायांची नावं दिलेली नाहीत. बाकी सगळं जसं घडलं तसं आहे.

पार्श्वभूमी

२ नोव्हेंबर १९१७ ची रात्र उलटून ३ तारीख लागली होती. फ्रान्सच्या लोरेन भागात बातलमाँ गावाजवळ अमेरिकेच्या पहिल्या डिव्हिजनची एक कंपनी खंदकात नुकतीच उतरली होती. नव्या पोरांना खंदकाची सवय व्हावी म्हणून त्यांना मुद्दाम शांत आघाडी दिली होती. पहाटे जर्मन तोफांनी त्या तुकडीभोवती गोळ्यांची चौकट आखली, मागून मदत येण्याची वाट बंद केली आणि धाडीवाले आत घुसले. काही मिनिटांत सगळं आटोपलं. तीन अमेरिकन ठार, अकरा कैद. फ्रान्समधल्या लढाईत पडलेले हे अमेरिकन पायदळाचे पहिले बळी.

तीन वर्षं चाललेल्या युद्धात अशा धाडी रोजच्या झाल्या होत्या. अंधारात काटेरी तार कापायची, शत्रूच्या खंदकात उडी मारायची, एखाददुसरा कैदी आणि हाताला लागतील ते कागद घेऊन परत फिरायचं. आपल्या लोकांना याची आठवण वेगळ्या वाटेने असायला हवी: नोव्हेंबर १९१४ मध्येच गढवाल रायफल्सच्या जवानांनी फ्लँडर्समध्ये अशी धाड घातली होती आणि ती या युद्धातल्या अगदी पहिल्या धाडींत गणली जाते. त्याच्या दोनच आठवडे आधी, २८ ऑक्टोबरला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या ४७ व्या शिखांबरोबर न्यव शापेल गावात घुसून घराघरांत हातघाईने लढल्या होत्या. सुरुंग आणि पूल बांधणाऱ्या माणसांच्या हातात त्या दिवशी लांब संगीन लावलेली रायफल होती.

अडचणीचं मूळ तिथेच होतं. संगीन बनली ती मोकळ्या मैदानासाठी, घोडदळ अंगावर आलं तर भाल्यासारखी रोखायला. फ्रेंच लेबेल रायफलची सुईसारखी संगीन सुमारे ५२ सेंटीमीटरची. अमेरिकन एम १९१७ रायफलला १७ इंची संगीन लावली की सगळी लांबी ५ फुटांच्या पुढे जाई. खंदकाची रुंदी मात्र तीन-चार फूट, तळाशी त्याहून कमी. शिवाय बाजूने येणाऱ्या गोळीचा आणि फुटलेल्या गोळ्याच्या तुकड्यांचा मारा दूरवर जाऊ नये म्हणून खंदक नागमोडी खणलेले. दर काही पावलांवर कोपरा. त्या कोपऱ्यात ५ फुटी काठी वळवायची कशी?

शिपायांनी उत्तर शोधायला वरिष्ठांची वाट पाहिली नाही. फावड्याच्या कडा घासून धार लावली, दांडक्यांना खिळे ठोकले, संगिनी कापून आखूड केल्या. फ्रेंचांनी तारेच्या कुंपणाचे लोखंडी खुंट वाकवून एका टोकाची मूठ केली आणि दुसरं टोक अणकुचीदार केलं. त्याला नावच पडलं ‘फ्रेंच खिळा’. इंग्लंडमध्ये डडली गावच्या रॉबिन्स कारखान्याने मुठीत आडवे धरायचे, ठोसा मारल्यासारखे खुपसायचे सुरे खासगी गिऱ्हाइकांसाठी बनवले. आपल्याकडची कट्यार ज्यांनी हातात धरली आहे त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. जर्मनांनी सरळ सहा इंचांच्या आसपास पात्याचा, लाकडी मुठीचा साधा सुरा काढला आणि तो सैन्यात रीतसर वाटला.

अडचण

एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरताना अमेरिकेसमोर हे तीन वर्षांचं शहाणपण तयार पडलं होतं. तरी पहिला सुरा, एम १९१७ (रायफलचंही नाव हेच; एम म्हणजे मॉडेल, आकडा सालाचा), फसला.

फिलाडेल्फियाच्या डिस्टन या करवती बनवणाऱ्या कारखान्याचं ते डिझाइन. ९ इंचांचं, तीन कडांचं टोच्यासारखं पातं, लाकडी मूठ, आणि बोटांवरून जाणारी लोखंडी पट्टी. पट्टीवर पिरॅमिडसारखे उंचवटे, म्हणजे त्याच हाताने ठोसाही मारता यावा. कागदावर पाहिलं तर विचार चुकीचा नाही. तीन कडांचं पातं कमी धातूत ताठ राहतं आणि जाड लोकरी ओव्हरकोटातून आरपार जातं.

पण त्याला धारच नव्हती. त्याने भोसकता येई आणि बाकी काही करता येत नसे. पाव, दोरी, डबा, जखमीची बाही, चिखलात अडकलेला पट्टा, यातलं काहीही त्याने कापलं जात नसे. लांब आणि बारीक असल्याने ते पातं आडवा जोर पडला की मोडे. पट्टीवरचे उंचवटे सरपटताना कपड्यांत आणि तारेत अडकत. असे लाखाहून जास्त सुरे बनले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर सगळं चित्रच वाकडं दिसेल. या युद्धात माणसं मारली ती मुख्यतः तोफांनी, मग मशीनगनने. इस्पितळात नोंदलेल्या जखमांपैकी संगिनीच्या जखमा एक टक्क्याच्याही आत होत्या. भोसकलेला माणूस इस्पितळापर्यंत पोचतच नसे, असं यावर म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. तरीही प्रमाण फार बदलत नाही. म्हणजे शिपायाच्या कमरेला असलेला सुरा हजारातून एखाद्या रात्री माणसावर चालणार आणि उरलेल्या दिवशी वस्तूंवर. पुढचे निर्णय वाचताना हे ध्यानात ठेवावं.

समोर असलेले पर्याय

जून १९१८ मध्ये फ्रान्समधल्या अमेरिकन सैन्याने चार सुरे समोर ठेवून चाचणी घेतली: स्वतःचा एम १९१७, ‘ह्यूज’ नावाचा एक अमेरिकन सुरा, फ्रेंच खंजीर आणि ब्रिटिश ठोसापट्टीचा सुरा.

ह्यूजचा सुरा डोकेबाज होता. घडीचं पातं पंज्याच्या पाठीवर चामडी पट्ट्याने बांधायचं, कळ दाबली की ते उघडणार, आणि तळहात मोकळा राहणार. हातबाँबही फेका, शिडीही चढा. प्रत्यक्षात तो निरुपयोगी ठरला. पंज्याच्या पाठीला बांधलेल्या पात्याने जोर लावायचा तर जोर पट्ट्यावर येतो, मुठीवर नाही. हे चाचणीच्या आधीही एखाद्या लोहाराने सांगितलं असतं.

फ्रेंच खंजीर दुधारी, पानाच्या आकाराचा, आटोपशीर. ब्रिटिश सुऱ्याची जमेची बाजू म्हणजे हातातून न निसटणारी मूठ. प्रत्येकात एक चांगली गोष्ट होती, आणि अशा वेळी समिती जे करते तेच झालं. त्याकडे येऊच.

आणखी दोन पर्याय टेबलावर आलेच नाहीत. एक, संगीन आखूड करणं. शिपाई ते स्वतःच करत होते, त्याला नवा कारखाना लागत नव्हता. दुसरा, जर्मनांसारखा साधा एकधारी सुरा. तो का आला नसावा याचा अंदाज करता येतो: चाचणी होती ‘खंदकी सुऱ्यां’ची, आणि ज्यात खंदकी असं काही दिसत नाही तो त्या यादीत बसत नाही.

निर्णयाची खरी जागा: सहा-सात प्रश्न

सुरे कसोटीला लागले, पण निकाल लागला तो कसोटीचे निकष लिहिताना. निकष साधारण असे होते: सुरा किती चटकन कामाला येतो, तो हातात असताना दुसरं काम करता येतं का, तो घेऊन सरपटता येतं का, झटापटीत तो हातातून उडण्याची शक्यता किती, पात्याचं वजन, लांबी, घाट, आणि मुठीचा आकार.

एकेक निकष घेतला तर कुणीही मान डोलवेल. पण हे सगळे प्रश्न एकाच रात्रीचे आहेत. सुरा मुठीत धरून माणूस तारेखालून सरपटतो आहे, खंदकात उडी मारतो आहे, समोर कुणीतरी त्याचं मनगट धरलं आहे. त्या पंधरा मिनिटांसाठी याहून चांगले प्रश्न सुचणं कठीण. उरलेल्या महिन्यांतला त्याच सुऱ्याचा दिवस कसा जातो, तो पट्ट्यावर कसा लटकतो, थंडीत जाड हातमोजा घालून तो बाहेर काढता येतो का, तो बनवायला कोणता धातू आणि किती वेळ लागतो, हे प्रश्न निकालाच्या पारड्यात जड पडले नाहीत.

त्यातही ‘हातातून उडू नये’ हा निकष सगळ्यांवर बसला. तो पुरा करण्याची सर्वांत पक्की तऱ्हा म्हणजे बोटं मुठीतच अडकवून टाकणं.

काय केलं

नवा सुरा ‘मार्क १’ म्हणून ठरला, सालाच्या हिशेबाने एम १९१८. त्यात चारही सुऱ्यांतलं चांगलं ते एकत्र केलं, असं अभिमानाने सांगितलं गेलं. पातं फ्रेंच घाटाचं, दुधारी, पावणेसात इंचांचं. मूठ ब्राँझची, एकसंध ओतलेली; चार बोटांना चार कडी, प्रत्येक कडीवर एक टोक. मुठीच्या मागच्या टोकाला कवटी फोडायची टोकदार नटबोंडी. पातं आणि म्यान काळं केलेलं, अंधारात चमकू नये म्हणून. तोंडाने भोसकतो, बोटांनी ठोसतो, ढुंगणाने डोकं फोडतो: एका शस्त्रात तीन. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि तशी इच्छाही असावी.

आता ही मूठ हातात घेतल्याची कल्पना करा. चार बोटं चार कड्यांत गेली की पातं अंगठ्याच्या बाजूला वर येतं. हातोडी धरल्यासारखी एकच पकड. सुरा उलटा धरून वरून खाली मारायचं असेल तर बोटं आधी बाहेर काढावी लागतात. अंगठा पात्याच्या रेषेत ठेवून नेमकं टोचायचं तर कडी आड येतात. जाडजूड बोटांना कडी घट्ट होतात, लोकरी हातमोज्यात आणखी घट्ट. आपल्या दांडपट्ट्याचा खोबळा आठवावा. त्यात हात कोपरापर्यंत बंदिस्त होतो आणि मनगट वळेनासं होतं. पण पट्टेकऱ्याने त्याभोवती अख्खी विद्या उभी केली, फिरण्याची, गिरक्यांची, मोकळ्या जागेची. मार्क १ ला ना विद्या होती ना जागा. काही आठवड्यांच्या कवायतीवर निघालेल्या शेतकरी पोराच्या हातात ती मूठ जायची होती.

ऑर्डर मोठी निघाली. चार कारखान्यांना मिळून १२ लाखांहून जास्त सुरे, पहिला माल डिसेंबर १९१८ मध्ये. हे कारखाने पाहण्यासारखे आहेत. लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्क घरगुती भांडी आणि सुऱ्या-काटे बनवणारे. ओनायडा चांदीच्या चमच्यांसाठी प्रसिद्ध, आणि त्याआधी तो एका धार्मिक समूहाचा आश्रम होता. कवटीफोड नटबोंडी आणि जेवणाच्या टेबलावरचा चमचा एकाच पत्त्यावरून निघायचे होते.

काय झालं

११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध संपलं. लँडर्सची सुमारे १ लाख १९ हजारांची कापून लहान केलेली ऑर्डर सोडता बाकी सगळे करार रद्द झाले. थोडे सुरे सिंहाची छाप असलेल्या एका फ्रेंच कारखान्यातही बनले होते. पण अमेरिकेत बनलेला माल खंदकात पोचायच्या आत खंदकच रिकामे झाले.

घाई न केल्याचा दोष समितीला देता येत नाही. जूनमधल्या चाचणीनंतर नवं ओतकाम, नवी हत्यारं, नवे साचे यांना सहा महिने लागले, यात गैर काही नाही. दोष द्यायचा तर वेगळ्या गोष्टीचा. चाचणीच्या त्याच महिन्यात अमेरिकन सैन्य बेलोच्या जंगलात लढत होतं, आणि सप्टेंबरपासून म्यूज-आर्गोनमध्ये. लढाई खंदकातून उठून जंगलात, शेतात, गावात सरकली होती. सुरा ठरत होता तो मागच्या दोन वर्षांच्या लढाईसाठी.

मग वीस-बावीस वर्षं हे सुरे गोदामात पडून राहिले. गोदामातल्या वस्तूचा एक धोका असतो: ती आहे म्हणून प्रश्न सुटला आहे असं वाटत राहतं. १९४२ मध्ये पुन्हा हातघाईच्या सुऱ्याची मागणी आली, तेव्हा रेंजर (धाडी घालणारं पायदळ), छत्रीधारी सैनिक आणि मरीन (समुद्रातून उतरून लढणारं दल) यांच्या काही तुकड्यांना हाच मार्क १ काढून देण्यात आला. तक्रारी लगेच आल्या. मूठ इतकी रुंद की नेहमीच्या म्यानात आणि पट्ट्यावर सुरा नीट बसत नाही. पकड एकच. पातं कामाला नाजूक. बनवायला महाग आणि वेळखाऊ. वर ब्राँझ, म्हणजे तांबं, आणि तांबं काडतुसांच्या पितळेसाठी हवं. अमेरिकेने १९४३ मध्ये एक सेंटचं नाणंसुद्धा तांब्याऐवजी पोलादाचं पाडलं. ज्या देशात नाण्याला तांबं मिळत नव्हतं तिथे ठोसापट्टीला कुठून मिळणार?

मरीन कोअरने आपली वाट वेगळी काढली. त्यांच्या रेडर, म्हणजे धाडी घालणाऱ्या तुकड्यांनी आधी ब्रिटिश कमांडो खंजिरावर बेतलेला बारीक खंजीर घेऊन पाहिला. त्याची मिश्रधातूची मूठ झिजून तडकायची आणि टोक मोडायचं. नोव्हेंबर १९४२ मध्ये मरीननी सात इंची, जाड पात्याचा, चामड्याच्या चकत्यांच्या मुठीचा सुरा मंजूर केला. तोच पुढे का-बार म्हणून जगभर ओळखला गेला. तो शिकाऱ्याच्या सुऱ्याचा भाऊ होता. खंदकाचं नावही त्याच्याशी जोडलेलं नव्हतं.

सैन्याने मार्च १९४३ मध्ये एम ३ काढला. नावात ‘ट्रेंच नाइफ’ कायम, पण कडी गेली, टोकं गेली, कवटीफोड बोंडी गेली. उरली चामड्याच्या चकत्यांची गोल मूठ, पोलादाची साधी आडपट्टी आणि पातं. हे पातं पुन्हा पावणेसात इंचांचं, खालची धार पूर्ण, वरची टोकाकडे थोडी. कमी दुर्मीळ धातू, भराभर उत्पादन, आणि सगळ्यांत आधी तो ज्यांच्याकडे संगीन नव्हती त्यांना. एम १ कार्बाइन या आखूड, हलक्या रायफलला तेव्हा संगीन लावायची सोयच नव्हती. ऑगस्ट १९४४ पर्यंत २५ लाखांहून जास्त एम ३ बनले. तक्रारी त्याच्याही होत्या: पातं अरुंद, खोके उचकटायला गेलं की मोडतं. पण बुटाला बांधलेला हा सुरा घेऊन छत्रीधारी सैनिक नॉर्मंडीत उतरले.

मग जे झालं ते मला या प्रकरणातलं सर्वांत गमतीचं वाटतं. कार्बाइनला संगिनीची खाच आली, आणि एम ३ चं पातं जसंच्या तसं उचलून एम ४ संगीन बनवली गेली. ज्या लांब संगिनीला पर्याय म्हणून खंदकी सुरा जन्मला, तो अखेर स्वतःच आखूड संगीन झाला. त्याच घराण्यातली एम ७ संगीन व्हिएतनाममध्ये एम १६ रायफलवर होती. लांबी तीच, पावणेसात इंच. इकडे १९४३ मध्येच सैन्याने १६ इंचांची जुनी संगीन १० इंचांवर आणायला सुरुवात केली होती, म्हणजे फ्रान्समधल्या खंदकात शिपाई जे कानस घेऊन स्वतः करत होते तेच.

वेगळं काय करता आलं असतं

१९१८ च्या समितीचं पातं बरोबर होतं. एवढी लांबी ओव्हरकोटातून आत पोचते आणि कोपऱ्यात अडकत नाही, हे त्यांनी ताडलं, आणि ते उत्तर पुढची निदान पन्नास वर्षं टिकलं. मूठ मात्र एका पिढीतही टिकली नाही. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर, एकाच आठवड्यात ठरल्या होत्या. फरक असा की पात्याबद्दलचा प्रश्न मोकळा होता (लांबी किती, वजन किती, घाट कसा) आणि मुठीबद्दलच्या प्रश्नातच उत्तर शिरलेलं होतं. ‘हातातून उडू नये’ याऐवजी ‘भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या, मोजा घातलेल्या हातात कशाही पकडीने घट्ट राहावा’ असं कुणी लिहिलं असतं, तर खरबरीत मूठ आणि एक आडपट्टी एवढ्यावर भागलं असतं. एम ३ तेच करतो.

दुसरी चूक गाळलेल्या पर्यायांची. चाचणीत आणखी एक सुरा ठेवायचा होता: कुठल्याही जुन्या शिपायाच्या बुटातला, स्वतः कापलेल्या संगिनीचा. तो जिंकला असता असं मी म्हणत नाही. पण त्याच्याशी तुलना झाली असती तर चार कड्यांची किंमत दिसली असती.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महाग: १९१९ ते १९४१ या काळात गोदामातले सुरे काढून, माणसांच्या हातात देऊन, एकदाही नव्या लढाईच्या संदर्भात नीट तपासलेले दिसत नाहीत. जून १९१८ मध्ये समितीकडे वेळ नव्हता. या बावीस वर्षांत वेळच वेळ होता. तक्रार यायला मात्र पुन्हा युद्ध लागलं.

मार्क १ आता संग्राहकांच्या काचेच्या कपाटात असतो. नकली नगही बाजारात भरपूर आहेत. त्याच्या मुठीतल्या ठोसापट्टीमुळे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तो बाळगण्यावर कायद्याची बंधनं आहेत. एम ३ ला तसली अडचण नाही. तो दिसायला सुराच आहे.